फाळके : ध्यास, भांडवल आणि भागीदारी

दादासाहेब फाळके यांच्या कारकिर्दीकडे पाहताना आपले इतिहासलेखन बहुधा एका सोप्या द्वंद्वाचा आधार घेते : एकीकडे कलेचा ध्यास, दुसरीकडे धंदेवाईक भांडवल. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून फाळके थोड्याच काळात बाहेर पडले, ही घटना या मांडणीचा मुख्य पुरावा मानली जाते. तपशील मात्र तिला पुरते अनुकूल नाहीत.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडन गाठले, हा ध्यास खराच. परंतु परतल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा जो लघुपट केला, तो सावकाराला दाखवावयाचा नमुनाही होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा चित्रपट त्यातून मिळालेल्या भांडवलावर उभा राहिला. चित्रपट हा स्वदेशी उद्योग व्हावा, ही त्यांची आकांक्षा होती. आणि उद्योग म्हटला की नफा हा त्याच्या जगण्याचाच भाग ठरतो. ‘लंकादहन’च्या (१९१७) गल्ल्याने ही आकांक्षा खोटी ठरवली नाही, उलट तिला बळच दिले.

मग संघर्ष कशाशी होता? येथे एक पूर्वसूत्र ध्यानात घ्यावयास हवे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळक्यांनी आपला छापखानाही भागीदारांशी झालेल्या मतभेदांमुळेच सोडला होता. माध्यम बदलले, तंटा तोच राहिला. कर्जाऊ पैशात धोका सर्वस्वी आपला असतो, पण निर्णयही आपलाच असतो. भागीदारीत धोका वाटला जातो आणि त्याबरोबर निर्णयाधिकारही. फाळक्यांना पैशाचे वावडे नव्हते. वाटून घेतलेला अधिकार त्यांना सोसवत नव्हता.

कंपनी सोडून ते काशीस गेले, ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि अखेर त्याच कंपनीत परतले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा बोलपट तर त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी, म्हणजे परक्याच्या भांडवलावर केला.

‘नवयुग’मधील १९१७-१८ च्या लेखांत फाळक्यांनी आपली कहाणी स्वतःच सांगितली आहे. नवे भांडवल जुळवले जात होते त्याच काळातले हे लेखन आहे. त्यागाची ही कथा म्हणूनच निव्वळ आठवण म्हणून वाचता येत नाही. ती भांडवलाला केलेले आवाहनही ठरते. कलावंताचा ध्यास आणि बाजार यांची फारकत आपण नंतर केली. फाळक्यांच्या लेखी ती तशी नव्हती, आणि १९४४ साली नाशिकमध्ये विपन्नावस्थेत झालेल्या त्यांच्या अंताचा अर्थही या गुंतागुंतीसह लावला पाहिजे.