वरच्या वर्गात चला

चपला काढून हातात घ्या, पुढं बांधावरून चालायचंय. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलात की इमारती एकेक करून मागं पडतील, रिक्षांचे भोंगे विरतील, पायाखालचं डांबर जाऊन माती लागेल. साल 1975 च्या आसपासचं, एप्रिल सरत आलेला. मिरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 मध्ये यायची आहे. सध्या इथं ग्रामपंचायती आहेत, खाडी आहे आणि नजर जाईल तिथवर मिठागरं. गाव मुर्धे म्हणा, राई म्हणा, मोर्वा म्हणा. तुमचं वय दहा, इयत्ता चौथी. गुडघ्यावर कालच्या विटीदांडूची खपली आहे. तिला हात लावू नका.

साडेसहा वाजलेत. उन्हाळ्याची शाळा सकाळची असते, पण मिठागरातली माणसं तुमच्याही आधी उठलेली आहेत. उन्हं चढली की वाफ्यातल्या मिठाकडं बघवत नाही, डोळे चुरचुरतात. म्हणून मीठ ओढून काठाला लावायचं काम पहाटेच उरकायचं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून झपाझप चालल्यात. टोपलीतून निथळणारं खारं पाणी त्यांच्या मानेवरून पाठीवर उतरतंय. वाऱ्यात तीन वास मिसळलेत : तिवरांखालच्या चिखलाचा, उत्तनच्या बाजूला वाळत घातलेल्या बोंबलांचा आणि कुणाच्या तरी चुलीवरल्या तांदळाच्या भाकरीचा. दूर खाडीच्या पुलावरून लोकल धडधडत गेली. पाऊस येण्याआधी इथं सगळ्यांनाच आपापलं वर्ष आवरायचंय. मिठाच्या राशी झाकायच्यात, होड्या किनाऱ्याला ओढायच्यात, घराघरांतली लग्नं उरकायचीत. तुमच्या शाळेलाही वर्ष आवरायचंय.

टण्ण! टण्ण! शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. पळा.

कौलारू शाळा, दोन खोल्या, चार वर्ग. जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या, पण गावातली म्हातारी माणसं अजून हिला बोर्डाची शाळाच म्हणतात. एका खोलीत गुरुजी, दुसरीत बाई. जमीन शेणानं सारवलेली, तिच्यावर मांडी घातली की गारवा अंगात चढतो. आज तोंडी परीक्षा आहे. तुमच्या तळहाताला घाम आलाय, पोटात खड्डा पडलाय. पलीकडं दुसरीची मुलं पाट्यांवर थुंकी लावून मनगटानं पुसताहेत. एवढ्यात गुरुजींनी तुमच्याकडं बोट केलं. "नवाची सवायकी किती?" सवायकी म्हणजे सव्वापट. छातीत धडधडतं, डोळे आढ्याकडं जातात आणि तोंडातून आपोआप निघतं, "सव्वाअकरा!" गुरुजी मान हलवतात. सुटलात. हस्तव्यवसायाच्या गुणांसाठी तुम्ही तळ्याच्या मातीचा आंबा करून आणलाय. तो वाळताना तडकलाय, पण वर हळद चोळल्यामुळं पिकलेला दिसतो. तो खिडकीत ठेवा, कुणीतरी केलेल्या मातीच्या चिकूशेजारी.

परीक्षा संपल्या दिवशी गुरुजी जाहीर करतात, "उद्या वनभोजन." मग झोप कसली येते?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळी शाळा रस्त्याला. प्रत्येकाच्या फडक्यात शिधा बांधलाय. कुणाकडं मूठभर तांदूळ, कुणाकडं डाळ, कुणाकडं दोन कांदे. ज्याच्या घरी द्यायला काही नाही त्यानं वाटेत सरपण गोळा करायचं, म्हणजे त्याचाही वाटा झाला. डोंगरी गाव ओलांडून चौक गावाला पोहोचेपर्यंत पायाचे तळवे भाजून निघालेले. टेकडीवर धारावी किल्ल्याचे चिरे, झुडपांत काळी झालेली करवंदं, खाली खाडीचं मुख आणि पलीकडं वसईचा किल्ला. गुरुजी सांगताहेत की चिमाजीअप्पांच्या फौजेनं आधी ही धारावी घेतली आणि मग 1739 च्या मे महिन्यात ती वसई. तुम्ही वर्षभर इतिहासाच्या पुस्तकात गड-किल्ले वाचलेत. आज एका किल्ल्याच्या दगडाला पाठ टेकून बसलात, दगड गरम आहे, आणि समोर दुसरा किल्ला दिसतोय. तीन दगडांच्या चुलीवर खिचडी रटरटतेय. ती जरा करपली आहे आणि धुराचा वास लागलाय. कोण कुणाचे तांदूळ ओळखणार आता? पळसाच्या पत्रावळीवर घ्या, बोटं चाटा, पुन्हा मागा.

मग एक दिवस शर्यतींचा. मैदानावर फक्कीच्या रेघा ओढल्यात. लिंबू-चमचा झाला, लंगडी झाली, आता पोत्यातली शर्यत. पोती मिठागरातून मागून आणलीत. आत पाय घातलात की गोणपाट पोटऱ्यांना खाजवतो आणि विणीत अडकलेलं मीठ नेमकं त्या खपलीला लागतं. शिट्टी झाली! डोळ्यांत पाणी, तोंडात धूळ, कानांत साऱ्या गावाचा आरडाओरडा. तुम्ही उड्या मारताय, पडताय, पोत्यासकट उठताय. रेघेपाशी कुणाच्या तरी आजीनं पदर खोचलाय आणि ती तुमच्या नावानं ओरडतेय. तुमचा तिसरा नंबर. बक्षीस एक शिसपेन्सिल. तिला टोक काढलेलं नाही, म्हणजे ती अजून कुणाचीच नव्हती. या शाळेत अशी कोरी वस्तू क्वचितच हाती येते. कपाळाला लावा आणि खिशात टाका.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी शाळा न्हाऊ-माखू घालायची. मुलांनी बस्करं तळ्यावर नेऊन आपटून धुतली, काठावर ती रांगेनं वाळताहेत. मुलींनी शेणाचा काला केलाय. मोठ्यांनी सारवायचं, धाकट्यांनी पाणी घालायचं. कोळसा आणि पाला वाटून फळा काळा केला की तो ओला असेपर्यंत नव्यासारखा दिसतो. दुपारी बाईंनी कणकेची खळ शिजवली. गरम खळीत बोटं बुडवायची, रंगीत कागदाचे त्रिकोण सुतळीवर चिकटवायचे. बोटं लाल-हिरवी झाली, शर्टाला रंग लागला, घरी ओरडा बसणार. बसू द्या. पाण्याचा माठ भरायचं काम वर्षभर चौथीकडं होतं, ते आज तिसरीकडं गेलं. तांब्या कसा विसळायचा, माठाखालची वाळू ओली का ठेवायची, हे तुम्ही एका बारक्याला दाखवताय. तो तोंड उघडं टाकून ऐकतोय आणि तुम्हाला आपण एकाएकी उंच झाल्यासारखं वाटतंय.

उजाडला 1 मे. महाराष्ट्र दिन आणि निकालाचा दिवस. इस्त्री म्हणून रात्रभर उशीखाली दाबलेला शर्ट, केसांना चोपडलेलं खोबरेल तेल. प्रभातफेरी आळीआळीतून निघते, घोषणा देऊन घसा बसतो. झेंड्याची दोरी सरपंचांनी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. आता सगळे उन्हात उभे. उन्हानं टाळू तापलीय, पण सावलीत जायला कुणी तयार नाही. मिठागरातून थेट आलेले बाप कुंपणापाशी उभे आहेत, त्यांच्या नडग्यांवर मिठाचे पांढरे पापुद्रे. आयांच्या कडेवर धाकटी भावंडं. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद उघडला आणि पहिलीपासून नावं वाचायला सुरुवात केली.

इथं प्रत्येक मूल साऱ्या गावासमोर नावानं पुकारलं जातं. आधी पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, आणि मग क्षणभर थांबून, "पास." एकेका नावाला घोळक्यात कुठंतरी श्वास सुटतो. कुणाचं नाव येतच नाही. त्याची आई त्याला पोटाशी धरते आणि गुरुजी यादी बाजूला ठेवून आधी त्याच्यापाशी जातात, डोक्यावर हात ठेवतात. चौथी आली. तुमच्या कानांत गरम वाफ. तुमचं नाव... "पास!" पाठीवर धपाटे बसतात, कुणी बसवले ते कळत नाही.

चौथीवाल्यांना आज आणखी एक कागद मिळतो. गावची शाळा इथं संपते, पाचवी भाईंदरला. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, गुरुजींच्या वळणदार अक्षरातला, शाई अजून ओलसर. जन्मतारीख वाचा : 1 जून. शेजारच्याचा बघा, त्याचीही 1 जून. पलीकडच्या दोघांचीही तीच! घरी कुणी तारीख लिहून ठेवलेली नसते. "मोठ्या पावसाच्या वर्षी झालं पोर," एवढंच आईला आठवतं. मग शाळेत घालताना गुरुजी वय बसेल अशी तारीख लिहितात. साऱ्या महाराष्ट्रात अशी 1 जूनची लेकरं गावोगाव आहेत. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, ही काय लहान चैन आहे?

एक दाखला मात्र टेबलावर तसाच पडलाय. तो तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा, पाढ्यांत सगळ्यांच्या पुढं असणारीचा. घरात तान्हं मूल आहे, भाईंदर लांब, वाट मिठागरांमधून. तिला पुढं शिकवायचं नाही असं घरात ठरलंय. बाई दाखला उचलतात, छत्री उघडतात आणि तुम्हाला म्हणतात, "चल माझ्याबरोबर." तिच्या ओटीवर बाई जमिनीवरच बसतात. ताक येतं. बराच वेळ पावसाचं, मिठाच्या भावाचं, तान्ह्याच्या खोकल्याचं बोलणं होतं. मग बाई तुमच्याकडं हात करतात. "हेही रोज जाणार आहे. दोघं बरोबर जातील, बरोबर येतील. तुमचं लेकरू मी चार वर्षं सांभाळलं, आता पुढच्या शाळेच्या हाती नीट देऊ द्या." आई नवऱ्याकडं बघते. नवरा आढ्याकडं. तुमच्या घशात ताक अडकलंय. शेवटी तो अंगठा पुढं करतो, बाई पिशवीतून शाईचा पॅड काढतात आणि वहीवर निळा ठसा उमटतो. दाराआडून कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला ना? आला.

आता गावभर हिंडायचं. "निकालाचा काय झायला?" प्रत्येक ओटीवरून हाच प्रश्न. पेढे फार थोड्या घरी. बाकी सगळीकडं चिमूटभर साखर, गुळाचा खडा, कुठं लिमलेटची गोळी. तुम्ही पाया पडता, तोंड गोड होतं, पुढचं घर. एक म्हातारा ताडगोळा फोडून देतो. गार पाणी हनुवटीवरून छातीपर्यंत ओघळतं. दुसऱ्याच्या पोराचं पास होणंही इथं आपलंच असतं, कारण वर्षभर त्याच्या पाटीचा खडखडाट सगळ्यांनी ऐकलेला असतो, कुणी त्याला उन्हातून घरी आणून सोडलेलं असतं, कुणी मिठाचं पोतं उसनं दिलेलं असतं. या शाळेचं वर्ष संपतं ते असं : प्रत्येकानं हातातलं काहीतरी दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि स्वतः एक पायरी वर चढायचं. मला त्या शाळेची ही रीत फार मोलाची वाटते. कोरं फारसं काही नव्हतं, म्हणून कुणी एकटंही नव्हतं.

दारात तिसरीतला तो बारक्या उभा आहे. त्याला तुमची पुस्तकं हवीत. पुस्तक अर्ध्या किमतीला जातं, पानं शाबूत असली तर पाऊण किमतीला. तो इतिहासाचं पुस्तक नाकाशी नेऊन हुंगतो, पानं मोजतो, कोपरे दुमडलेत म्हणून तोंड वाकडं करतो. पहिल्या पानावर तीन नावं खोडलेली आहेत, चौथं तुमचं. घासाघीस करा, पण फार ताणू नका. पैसे घ्या, आपल्या नावावर सरळ रेघ मारा आणि खाली त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.

ते पैसे चड्डीच्या चोरखिशात ठेवा आणि लगेच निघा. 1967 मध्ये पुण्यात बालभारती सुरू झाली, त्यानंतर मराठी शाळांना राज्यभर तीच पुस्तकं आली. त्यामुळं पाचवीचा संच कुठल्याही गावचा चालतो. वरच्या आळीत एकाकडं आहे, पण गिऱ्हाईकं बरीच आहेत. तुम्हाला एकच संच परवडेल आणि तो दोघांत वापरायचाय. पाढ्यांत पुढं असणारी ती कधीची बांधावर येऊन थांबलीय, तिच्या मुठीतही आईनं दिलेली नाणी आहेत. उशीर केलात तर गणिताचं पुस्तक दुसरंच कुणी घेऊन जाईल. पळा!