रेघ मारायच्या आधी

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात रेल्वे आली. मुहूर्त मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली, म्हणजे मधे तब्बल तीस वर्षं गेली. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आज स्वतःच्या पोराला शाळेत सोडायला जात असेल. सुरुवातीला साडेतीनशे कोटींच्या आसपास असलेला खर्चाचा आकडा ४८०० कोटींच्या पुढे गेला, आणि उद्घाटनाच्या दिवशीही बीड ते परळी हा तुकडा बाकीच होता.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. ज्या जिल्ह्याचं नाव घेतलं की आपल्याला टँकर, ऊसतोड आणि कोरड्या विहिरी आठवतात, त्या बीडमध्ये पूर आला. आष्टी तालुक्यात अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सीना, सिंदफणा, गोदावरी, सगळ्याच फुगल्या.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, आणि मी तो लावतही नाहीये. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की एक प्रश्न पडतो. एखादा रस्ता किंवा रेल्वेमार्ग कागदावर आखताना, त्या जमिनीवरून पाणी कुठून कुठे जातं हे कुणी विचारतं का? विचारत असेल, तर कधी? रेघ मारायच्या आधी की नंतर?

('पर्यावरण' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाघ आणि घनदाट जंगल येतं. बीडमध्ये जंगल फार थोडं. इथे पर्यावरण म्हणजे मुख्यतः पाणी आणि माती. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला.)

आधी जरा भूगोल. जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरीचं खोरं. गेवराई, माजलगाव हा भाग, खोल काळी माती. दक्षिणेला बालाघाटचं पठार. पाटोदा, केज, अंबाजोगाई हा भाग, जमीन मुरमाड आणि माती उथळ. मांजरेचा उगम याच पठारावर, पाटोदा तालुक्यात. पठाराच्या कडेवरून ओढे उत्तरेला उतरतात. बिंदुसरा बीड शहरातून जाते आणि सिंदफणेला मिळते, सिंदफणा पुढे गोदावरीला. म्हणजे जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे कुठलीही रेघ मारा, ती एकामागून एक ओढे कापतच जाणार. नगर-परळी रेल्वेची दिशा नेमकी हीच आहे.

जुन्या लोकांनी या जमिनीचं काय केलं? पैठण ते तेर हा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात दोन्ही गावांची नावं येतात, आणि माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचा असंही येतं. बीडचा प्रदेश या दोन गावांच्या मधला. गाडीवाट असो की लमाणांचा तांडा, बैलाला मुक्कामावर पाणी लागायचं, आणि पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतायचं. ज्या वाटेवर पाणी नाही ती वाट आपोआप मोडायची. गमतीने म्हणायचं तर, इथला पहिला पर्यावरणीय सर्व्हे बैलांनी केला. त्यांना अहवाल लिहावा लागला नाही, चालायला नकार दिला की झालं :-)

बीडच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर खजाना विहीर आहे. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली, सलाबतखानाच्या काळात बांधलेली. तिला जमिनीखालून बोगदे आहेत. काहींतून पाणी विहिरीत येतं आणि एकातून उताराने शेतांकडे जातं. ज्याने कुणी हे बांधलं, त्याने आधी जमिनीचा उतार आणि पोटातलं पाणी समजून घेतलं आणि मग कुदळ मारली. आज या विहिरीच्या जवळूनच सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. विहिरीचं गोल तोंड कुणालाही दिसतं. तिच्याकडे येणारं पाणी मात्र रस्त्याच्या नकाशावर दिसत नाही, आणि मुद्दा तोच आहे.

मग रेल्वेचा काळ आला. १९०० साली निजामाच्या राज्यात मनमाड ते हैदराबाद मीटरगेज लाइन झाली. तिच्या कंपनीचं नावच 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे'. तिने गोदावरीच्या उत्तरेची मोकळी जमीन धरली, औरंगाबाद, जालना, परभणी जोडले आणि बालाघाटाला हातच लावला नाही. दक्षिणेकडे बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. ती नॅरोगेज. छोटी गाडी, स्वस्त रूळ. या दोन रेघांच्या मधे बीड राहून गेलं. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातल्या परळीला तेवढं स्टेशन मिळालं. त्या काळच्या इंजिनिअरांना निसर्गाचा पुळका होता असं अजिबात नाही. डोंगर फोडणं महाग होतं, म्हणून जमिनीचं ऐकणं भाग होतं.

हे ऐकणं बंद झालं ते मशिनं आली तेव्हा, हे उघड आहे. पण बीडच्या बाबतीत आणखी एक वळण आहे, १९७२ चा दुष्काळ. लाखो हातांना काम द्यायचं होतं आणि ते उद्याच द्यायचं होतं. मग खडी फोडा, रस्ते करा. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली तेव्हाच्या बायाबापड्यांनी फोडलेली खडी आहे. रस्ता कुठे जावा हे ठरवताना भुकेचा विचार आधी होता, पाण्याचा नंतर. त्या घडीला ते चूकही म्हणता येत नाही. पण नुसती खडी फोडून पुढचा दुष्काळ टळत नाही हे पुढे लक्षात आलं, आणि रोजगार हमीत (कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून) नालाबांध, पाझर तलाव, मृदसंधारण यांच्यावर भर आला. म्हणजे सरकारी यंत्रणेला रस्ता आणि पाणी हे दोन्ही विषय नीट माहीत होते. फक्त त्यांची खाती वेगळी होती आणि टेबलं वेगळी होती.

आता कायद्याकडे वळू. भारतात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, म्हणजे ज्याला सगळे ईआयए म्हणतात, ते बंधनकारक झालं २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. त्याच वर्षी पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य जाहीर झालं. आणि पुढच्याच वर्षी नगर-परळी रेल्वे मंजूर झाली. वाटेल, वा, अगदी वेळेवर! पण गंमत अशी, की त्या अधिसूचनेच्या यादीत महामार्ग होते, बंदरं होती, विमानतळ होते, रेल्वे नव्हतीच. २००६ ला नवी अधिसूचना आली, त्यातही नाही. वनजमीन घ्यायची असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण रेल्वेमार्गाने ओढ्यांचं काय होईल, विहिरींचं काय होईल, असा एकत्र प्रश्न विचारायची कायद्याची सक्ती नाही.

महामार्गांना सक्ती आहे, पण तिला चाळण्या आहेत. २०१३ च्या दुरुस्तीनंतर, अस्तित्वात असलेला राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा असेल तर पर्यावरण मंजुरी कधी लागते? काम १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि जादा जागा सध्याच्या मार्गावर ४० मीटरपेक्षा, किंवा नव्या वळणमार्गावर ६० मीटरपेक्षा जास्त लागत असेल तेव्हा. त्याच्या आत बसवलंत तर नाही. शिवाय ईआयएच्या ठरलेल्या साच्यात 'पर्यायांचा विचार' असं एक प्रकरण आहे, पण ते सविस्तर केव्हा लिहायचं, तर सुरुवातीच्या छाननीत पर्यायांची गरज निघाली तर. थोडक्यात काय, तर रेघ आधीच मारलेली असते, आणि तिच्या कडेला किती झाडं लावायची यावर चर्चा होते.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. बॅरी बोह्म यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलं होतं, की रिक्वायरमेंटमध्ये राहिलेली चूक सिस्टिम लाइव्ह गेल्यावर दुरुस्त करायला मोठ्या प्रोजेक्टमध्ये शंभरपटीपर्यंत खर्च येऊ शकतो. शंभर की वीस यावर लोक अजून भांडतात, पण दिशेबद्दल कुणाचं दुमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये निदान पॅच तरी देता येतो. डोंगराला पॅच देता येत नाही.

उदाहरण लांब नाही. बीडवरून जाणारा हाच सोलापूर-धुळे महामार्ग पुढे कन्नड-चाळीसगावच्या मधे औट्रम घाट उतरतो. तिथे गौताळा अभयारण्य आहे आणि ठिसूळ कडे आहेत. बाकीच्या महामार्गाचं चौपदरीकरण पुढे सरकलं आणि घाट तसाच राहिला. बोगदा करायचा की नाही, कसा करायचा, यावर वर्षानुवर्षं आराखडे फिरत राहिले. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी दरडी कोसळून घाट बंद पडला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जड वाहनांना तिथे बंदी केली. म्हणजे धुळ्याहून सोलापूरकडे निघालेला ट्रक चौपदरी रस्त्यावर धावायचा कधी, तर आधी मोठा वळसा घालून आल्यावर. घाट आणि अभयारण्य काही काल उगवले नव्हते. सबंध मार्गाचा विचार करताना पहिली बैठक त्यांच्यावरच व्हायला हवी होती.

आधी विचारायची पद्धत नवी नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एक मोठा रस्ता व्हायचा होता. इयन मॅकहार्ग नावाच्या भूरचनाकाराने काय केलं, तर पारदर्शक कागदांवर एकेक नकाशा काढला. एकावर उतार, एकावर पाणी, एकावर माती, एकावर वस्ती, एकावर झाडी. जिथे नुकसान जास्त तिथे रंग गडद. सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, आणि जिथून सगळ्यात जास्त प्रकाश येतो तिथून रस्ता न्या म्हणाला. १९६९ च्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात हे सगळं आहे. आज आपण ज्याला जीआयएसमधले लेयर म्हणतो, त्यामागची कल्पना हीच. टेकड्यांच्या हरित पट्ट्यातून जायचा होता तो तुकडा शेवटी झालाच नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये 'पीएम गतिशक्ती' आलं. त्यात वेगवेगळ्या खात्यांचे नकाशे एकाच पडद्यावर येतात. जंगल, नद्या, रूळ, वीजवाहिन्या. हा मॅकहार्गच्या कागदांचाच वारस, आणि खरंच चांगली गोष्ट आहे. पण लेयर नसेल तर प्रश्नही नसतो. बीडसाठी खरे लेयर कोणते असतील, विचार करा. पहिल्या दुसऱ्या श्रेणीचे ओढे, म्हणजे वर्षातले दहा महिने कोरडे असतात आणि अकराव्या महिन्यात पूल मागतात ते. पाझर तलाव आणि त्यांचं पाणलोट. विहिरींकडे येणारे भूगर्भातले प्रवाह. काळ्या मातीचा पट्टा, जो भिजला की फुगतो, सुकला की भेगाळतो आणि वरचा रस्ता उखडतो. मोरांचं नायगाव. यातलं किती पडद्यावर आहे आणि किती फक्त गावातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात?

आणि आधी विचारलं तर फायदाही होतो. रस्त्याच्या भरावाला माती-मुरूम लागतोच. तो कुठून तरी टेकडी पोखरून आणायचा, की गाळाने भरलेल्या तलावातून आणि नाल्यातून काढायचा? गेल्या दशकात बुलढाणा जिल्ह्यात दुसरा पर्याय निवडला गेला. महामार्गाला माती मिळाली आणि तलावांची साठवण वाढली. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात तो हाच. यात अचाट तंत्रज्ञान काहीच नाही. माती कुठून आणायची हे कंत्राटदार ठरवायच्या आधी कुणीतरी ठरवलं, एवढंच. काम अर्धं झाल्यावर हीच कल्पना सुचली असती तर फाईल फिरत बसली असती.

आता हे सगळं आज का? कारण बीडमधून पुढची रेघ जाऊ घातली आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग, आठशे किलोमीटरच्या आसपासचा. परळी आणि अंबाजोगाई ही बीडमधली देवस्थानं त्याच्या यादीत आहेत. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. कोल्हापूरकडे शेतकऱ्यांनी विरोध केला आणि आखणीचा फेरविचार करावा लागला. हा महामार्ग हवा की नको यावर तुमचं-माझं मत काहीही असो, एक गोष्ट दिसते. कोल्हापुरात आखणी बदलायची वेळ आली ती लोक रस्त्यावर उतरल्यावर. तोच प्रश्न रेघ मारायच्या आधी विचारला असता, तर त्याला लागला असता एक कागद, एक रबर आणि गावातली एक बैठक.

तुमच्यापैकी कुणाचं गाव परळी, अंबाजोगाई, केज, धारूर भागात असेल, तर या दिवाळीला गेलात की एक काम करा. शेतातला गट क्रमांक आणि त्याच्या वरच्या अंगाचा ओढा, दोन्ही फोनमधल्या नकाशावर खूण करून ठेवा. आबांना किंवा आज्जीला विचारा, जास्तीत जास्त पाणी कुठवर आलं होतं, आणि ते वर्षासकट लिहून घ्या. जनसुनावणीत 'आमचं नुकसान होईल' म्हणणारे शंभर जण असतात. 'या ठिकाणी, या वर्षी, पाणी इथवर आलं होतं' म्हणणारा एक असला, तरी मोरीचं माप बदलू शकतं.