२,०२९ विजय आणि शून्य विजेतेपदं : एका कोचची कारकीर्द कशी वाचायची?

पीएचडीच्या मुलाखतीत, सिनॉप्सिसच्या सादरीकरणात, अगदी शेवटच्या व्हायवातही एक प्रश्न हमखास येतो : "तुम्ही हाच निकष का निवडलात?" बहुतेक जण याचं उत्तर "आधीच्या पेपरमध्ये हाच वापरलाय" असं देऊन मोकळे होतात. हे उत्तर का पुरत नाही, ते आज एका माणसाच्या कारकिर्दीवरून बघू. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, अमेरिकेतला कॉलेज बेसबॉलचा कोच होता. बेसबॉल कळत नसेल तरी काही बिघडत नाही, लागेल तेवढं सांगत जाईन.

माइक मार्टिन. फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टालाहासीला, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या बेसबॉल संघाचे ते १९८० ते २०१९ असे सलग ४० हंगाम मुख्य कोच होते. २,०२९ विजय, ७३६ पराभव, ४ बरोबरी. म्हणजे जवळजवळ चारपैकी तीन सामने जिंकले. ते निवृत्त झाले तेव्हा अमेरिकन कॉलेज बेसबॉलच्या वरच्या श्रेणीत त्यांच्याइतके विजय दुसऱ्या कुठल्याही कोचच्या नावावर नव्हते. चाळीसपैकी प्रत्येक हंगामात किमान ४० विजय, आणि चाळीसही वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश.

आता दुसरा आकडा. या स्पर्धेची अंतिम फेरी म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज. ती १९५० पासून नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात भरते आणि तिथे फक्त आठ संघ पोचतात. मार्टिन आपला संघ घेऊन तिथे १७ वेळा गेले. विजेतेपद? एकदाही नाही. १९८६ मध्ये अंतिम सामन्यात ॲरिझोनाकडून १०–२ असे हरले, १९९९ मध्ये मायामीकडून ६–५.

मग ही कारकीर्द यशस्वी म्हणायची की अपुरी? निकाल द्यायची घाई नको. आधी इतिहास नीट बघू.

मातृसंस्थेत परतलेला माणूस

मार्टिन मूळचे नॉर्थ कॅरोलायनाकडचे, जन्म १९४४ चा. साठच्या दशकाच्या मध्यावर ते फ्लोरिडा स्टेटमध्ये खेळाडू म्हणून आले आणि १९६५ च्या संघाबरोबर ओमाहालाही जाऊन आले. नंतर व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पातळीवर काही काळ खेळले, पण वर पोचले नाहीत. मग टालाहासीतच एका कम्युनिटी कॉलेजात बास्केटबॉल शिकवलं. हो, बास्केटबॉल! १९७५ मध्ये ते आपल्या जुन्या विद्यापीठात साहाय्यक कोच म्हणून परतले.

तेव्हा मुख्य कोच होते वुडी वुडवर्ड, तेही तिथलेच माजी विद्यार्थी. १९७९ च्या हंगामासाठी डिक हाऊझर आले, तेही माजी विद्यार्थी. हाऊझर एकच हंगाम राहिले. न्यूयॉर्क यँकीजनी त्यांना मॅनेजर म्हणून बोलावलं आणि ते गेले. खुर्ची रिकामी झाली, पाच वर्षं तिथेच साहाय्यक असलेल्या मार्टिनना ती मिळाली आणि पहिल्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी संघ ओमाहाला नेला.

इथे जरा थांबा. इतिहास लिहिताना आपण शेवटाकडून सुरुवातीकडे बघतो, त्यामुळे सगळं ठरल्यासारखं वाटतं : "चाळीस वर्षांच्या महान पर्वाची सुरुवात १९८० मध्ये झाली." पण १९७९ मध्ये तसं काहीच ठरलेलं नव्हतं. हाऊझर थांबले असते तर मार्टिन कदाचित आणखी काही वर्षं साहाय्यकच राहिले असते, किंवा दुसरीकडे गेले असते. पर्व हे नाव नंतर मिळतं. जगणाऱ्याच्या हातात तेव्हा फक्त एक वर्षाचं काम असतं.

पहिला प्रश्न : शून्य म्हणजे नेमकं किती वाईट?

"सतरा वेळा जाऊन एकदाही नाही" हे ऐकल्यावर मनात लगेच एक कारण तयार होतं. मोठ्या सामन्यात दडपण येत असणार, डावपेच चुकत असणार. पण कारण शोधण्याआधी एक पायरी असते, आणि ती आपण नेहमी गाळतो : नुसत्या योगायोगाने असं किती वेळा घडेल?

साधं गणित करू. ओमाहात आठ संघ. आठही अगदी समान ताकदीचे मानले तर प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता १/८, न जिंकण्याची ७/८. सतरा वेळा ओळीने न जिंकण्याची शक्यता म्हणजे ७/८ चा सतरावा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, सुमारे ०.१० येतं. म्हणजे अगदी सारख्या कुवतीचे दहा कोच प्रत्येकी सतरा वेळा ओमाहाला गेले, तर त्यातला साधारण एक रिकाम्या हाताने परत येणारच. त्याने काही चूक केली नसली तरी.

आता यावर तुमचा गाइड लगेच बोट ठेवेल : "सगळे समान ताकदीचे हे कुठून आणलंस?" बरोबर आहे. मार्टिनचे संघ पुष्कळदा बलाढ्य समजले जायचे. म्हणून गृहीतक बदलू. दर वेळी त्यांची शक्यता १/५ धरली, तर ४/५ चा सतरावा घात येतो सुमारे ०.०२. दहात एक होतं ते शंभरात दोन झालं. आता ते "योगायोग" म्हणून सोडून देणं अवघड आहे.

बघा, डेटा तोच. सतरा आणि शून्य. गृहीतक बदललं आणि निष्कर्ष हलला. म्हणून पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी गृहीतकांचा परिच्छेद वाचायचा. आणि दोन्ही गणितांत आणखी एक गृहीतक लपलंय : सतरा प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. नाणेफेकीत ते चालतं. पण इथे कोच एकच, शहर एकच, आणि मागच्या अपयशाची आठवणही बरोबर असते.

शिवाय बेसबॉल हा खेळच असा की एका सामन्यात चांगला संघ सहज हरतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर कसोटीपेक्षा टी-ट्वेंटीच्या जवळचा. लांबलचक हंगामात ताकद दिसते, चार-पाच सामन्यांच्या स्पर्धेत ती झाकली जाऊ शकते. १९९९ च्या अंतिम सामन्यात एका धावेने हरलेल्या फ्लोरिडा स्टेटच्याच मार्शल मॅकडूगल या खेळाडूला त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं होतं. एका धावेचा फरक, पण नोंदवहीत एका बाजूला "विजेता" आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. होय-नाही असा निकष वापरला की मधली सगळी माहिती अशी गळून जाते.

दुसरा प्रश्न : श्रेय माणसाचं की जागेचं?

आता उलट बाजूने. २,०२९ विजयांकडेही तितक्याच कडक नजरेने बघायला हवं. नाहीतर आपण आवडत्या आकड्याला सूट देतोय असं होईल.

फ्लोरिडा स्टेट मार्टिनच्या आधीही चांगला संघ होता. १९५७ पासून तो ओमाहाला जात होता, १९७० मध्ये अंतिम सामन्यातही खेळला होता. फ्लोरिडात हिवाळ्यातही मैदानावर सराव करता येतो, उत्तरेकडच्या कॉलेजांना ते जमत नाही. राज्यात चांगले शाळकरी खेळाडू भरपूर. मग विजय कोचचे, की विद्यापीठाचे, की हवामानाचे?

फक्त मार्टिनचा डेटा घेऊन हा प्रश्न सुटतच नाही. चाळीस वर्षं एकच माणूस आणि एकच जागा, दोन्ही चल एकत्रच हलतात. (खरं तर हलतच नाहीत.) मातृसंस्थेतच आयुष्य काढलेल्या माणसाचं मूल्यमापन याच कारणाने अवघड असतं.

यासाठी तुलनेला दुसरी केस लागते. मार्टिनआधी सर्वाधिक विजयांचा विक्रम होता ऑगी गॅरिडो यांच्या नावावर, १,९७५ विजय. मे २०१८ मध्ये मार्टिननी तो मोडला. गॅरिडोंची पाच राष्ट्रीय विजेतेपदं : तीन कॅल स्टेट फुलर्टनकडून, दोन टेक्सासकडून. ते संस्था बदलत राहिले. मधली तीन वर्षं ते उत्तरेकडच्या इलिनॉय विद्यापीठात होते, आणि तिथून त्यांना ओमाहा गाठता आलं नाही. माणूस तोच, जागा बदलली, निकाल बदलला. तीन वर्षांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नका, पण "जागेचा वाटा असतो" एवढं म्हणायला आधार मिळतो. आणि मातृसंस्थेत राहून विजेतेपद मिळतच नाही असंही नाही. रॉड डीडो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचेच माजी विद्यार्थी, आणि तिथेच कोच म्हणून त्यांच्या नावावर ११ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत.

तुलनेचा आणखी एक मार्ग म्हणजे "आधी-नंतर". मार्टिन गेल्यावर काय झालं? २०१९ नंतर त्यांचे चिरंजीव माइक मार्टिन ज्युनियर कोच झाले. तीन हंगामांनंतर विद्यापीठाने त्यांना बाजूला केलं. मग लिंक जॅरेट आले, मार्टिनच्याच हाताखाली खेळलेले. २०२३ मध्ये २३ विजय, ३१ पराभव, आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा नाही. म्हणजे मार्टिनच सगळं होते? थांबा. त्याच जॅरेटनी पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, संघ ओमाहाला नेला. २०२३ वर थांबणाऱ्याचा निष्कर्ष एक, २०२४ पर्यंत जाणाऱ्याचा दुसरा. शिवाय याच काळात कोविडने २०२० चा हंगाम अर्ध्यावर बंद पाडला आणि खेळाडूंच्या बदल्यांचे व कमाईचे नियमही बदलले. आधी-नंतरच्या तुलनेत मधे दुसरं काय बदललं, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरा प्रश्न : तक्त्यात काय येतच नाही?

बस्टर पोझी हा मुलगा फ्लोरिडा स्टेटमध्ये शॉर्टस्टॉप या जागेवर खेळणारा म्हणून आला. तिथे त्याला कॅचर केलं गेलं, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी जागा. २००८ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम हौशी बेसबॉलपटूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळाला. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर त्याने २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या, कॅचर म्हणूनच. ती विजेतेपदं मार्टिनच्या रकान्यात येत नाहीत. यायलाही नकोत. पण कॉलेजचं काम विद्यार्थी घडवणं असेल, तर त्या कामाचा मोठा भाग नोंदवहीच्या बाहेर राहतो हे लिहायला हवं.

शेवटचा हंगाम बघा. २०१८ मध्येच मार्टिननी जाहीर केलं होतं की २०१९ हे शेवटचं वर्ष. त्या वर्षी संघ डळमळीत होता, राष्ट्रीय स्पर्धेत घेतील की नाही हीच शंका. घेतलं. मग जॉर्जियाच्या मैदानावर जाऊन आणि नंतर लुइझियाना स्टेटच्या मैदानावर जाऊन जिंकले, आणि ७५ वर्षांचे मार्टिन सतराव्यांदा ओमाहाला पोचले. तिथे आर्कान्सासला १–० ने हरवलं, मिशिगनकडून २–० ने हरले, टेक्सास टेककडून ४–१ ने हरले. संपलं. त्या शून्याचा एक होण्याची शेवटची संधी गेली. १ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. जॅरेटनी संघ ओमाहाला नेला तो त्यानंतर चार महिन्यांनी.

मग उत्तर काय?

"यशस्वी की अपुरी" हा प्रश्न निकष ठरवल्याशिवाय विचारताच येत नाही. सातत्य मोजायचं असेल तर त्यांच्या जोडीला बसेल असं नाव सापडणं कठीण. विजेतेपद मोजायचं असेल तर शून्य म्हणजे शून्य, त्यावर सारवासारव नको. पण "सतरा वेळा हरले म्हणून मोठ्या सामन्यात ते कमी पडायचे" हे विधान वेगळं आहे. ते कारण सांगतंय, आणि तेवढा पुरावा सतरा नोंदींमध्ये नाही.

हे आपल्यालाही लागू पडतं. उद्या तुमच्याकडे कोणी पेपरच्या संख्येवरून बघेल, कोणी एका मोठ्या जर्नलमधल्या पेपरवरून. पहिला निकष २,०२९ सारखा, दुसरा ओमाहासारखा. दोन्ही खरे, दोन्ही अर्धवट. दुसऱ्यांनी कुठला लावावा हे आपल्या हातात नाही. आपल्या अभ्यासात आपण कुठला लावतो, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

एक सराव देतो. मार्टिनच्या सतरा ओमाहा वाऱ्यांची वर्षं अशी : १९८०, १९८६, १९८७, १९८९, १९९१, १९९२, १९९४, १९९५, १९९६, १९९८, १९९९, २०००, २००८, २०१०, २०१२, २०१७, २०१९. सन २००० पर्यंत बारा, नंतर फक्त पाच. का? एक सूत्र देतो : १९९९ पासून राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतले जाऊ लागले आणि ओमाहाच्या आधी एक जास्तीची फेरी आली. हे कारण पुरेसं आहे का? तीन गृहीतकं लिहा, आणि प्रत्येकासमोर ते खोटं ठरवायला कुठला डेटा लागेल ते लिहा. ज्या गृहीतकासमोरची जागा रिकामी राहील, ते सिनॉप्सिसमध्ये घालू नका.