मंदीतला उन्हाळा

२००९च्या मे अखेरीस मी निवृत्त झाले आणि लगेच लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले. मंदी ऐन भरात होती. संध्याकाळी बागेत आपल्याकडचीच एक मुलगी भेटायची. एकदा तिने विचारलं, "काकू, ह्यांची नोकरी गेली तर माझा व्हिसाही जाणार ना?" मनगटावर काळंनिळं दिसत होतं. मी म्हटलं, "घरी बसायची वेळ आली की पुरुष चिडतोच गं, जरा सांभाळून घे." जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईचं हे उत्तर!

तिचा प्रश्न किती नेमका होता ते पुढे वाचत गेले तेव्हा कळलं. एच-१बीवर आलेल्याच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. तेव्हा त्यावर नोकरी करता येत नसे. काहीजणींना ती मुभा मिळाली २०१५ साली. नवऱ्याची नोकरी सुटली की दोघांचा मुक्कामच धोक्यात. साठ दिवसांची सवलत आली ती २०१७मध्ये. म्हणजे मारणाऱ्याची नोकरी टिकावी म्हणून मार खाणारीनेच देव पाण्यात घालून बसायचं!

१९९४च्या कायद्याने छळ होणाऱ्या बायकांना नवऱ्यावाचून स्वतःचा अर्ज करता येऊ लागला, पण नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल तरच. २००० साली गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा आला, त्यालाही पोलिसांचा किंवा सरकारी यंत्रणेचा दाखला हवा. परक्या भाषेत हे सगळं करणार कोण? त्यासाठी आपल्या बायकांनी संस्था काढल्या होत्या. न्यू जर्सीत मानवी (१९८५), न्यूयॉर्कला सखी (१९८९), बे एरियात मैत्री (१९९१), बर्कलीत नारिका (१९९२). हजेरीपटावरची नावंच जणू! फोनवर आपल्या भाषेत बोलणारं माणूस, वकिलाची गाठ घालून देणं, अशी त्यांची कामं.

अशा कामाला पैसा येतो अनुदानांतून आणि देणग्यांतून, आणि मंदीत दोन्ही झरे एकदमच आटतात. कर कमी जमा होतो, शेअर पडले की मोठे दानी न्यास हात आखडतात, आणि शंभर डॉलर देणाऱ्याचीच नोकरी जाते. त्या जुलैत राज्यपाल श्वार्झनेगर यांनी तूट भरून काढायला राज्यातल्या आश्रयगृहांचा उरलासुरला निधीही कापला. काही बंद पडली, काहींनी माणसं कमी केली. ऑक्टोबरात १ कोटी ६३ लाख डॉलर परत मिळाले. सरकारी हिशेबात तीन महिने म्हणजे काय, एक तिमाही. रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेलीला मात्र त्याच रात्री दार उघडं लागतं.

मैत्रीचं काम त्याच भागात चालत होतं. मला ठाऊक नव्हतं, तिलाही नसावं. ऑगस्टमध्ये त्यांनी घर सोडलं. कुठे गेले, लेकीला कळलं नाही. महिनाभर रोज भेटूनही मी तिचं आडनावसुद्धा विचारलं नव्हतं.