गरम टॉवेल आणि उघडा गळा

दाढी छान झाली की आपण कौतुक करतो ते पात्याचं. 'काय धार आहे राव!' पाण्याचं नाव कुणी काढत नाही. खरं तर दाढी गुळगुळीत होणार की गालाची सालटं निघणार, हे पातं गालाला लागण्याआधीच्या दोन-तीन मिनिटांतच ठरून गेलेलं असतं. दाढीचा कोरडा केस भलताच चिवट. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्यातल्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध पाण्याने सुटतात. केस पाणी पितो, जरासा फुगतो, नरम पडतो. पाणी गरम असेल तर हे सगळं लवकर होतं, शिवाय केसावरचा तेलकट थरही सुटतो.

२०२० साली एमआयटीतल्या काही संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक मजेदार अभ्यास छापला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, मग ब्लेड बोथट होतंच कसं? सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं, की केस वाकून तिरका लागला आणि नेमकी तिथे पात्याच्या पोलादाची रचना कच्ची असली, की धारेचा बारीकसा टवका उडतो. मऊ वस्तू कठीण वस्तूला अशी पुरून उरते. असो.

तर गरम टॉवेल म्हणजे ते पाणी गालावर धरून ठेवायची युक्ती. ओंजळीतलं पाणी ओघळून जातं आणि क्षणात गार होतं. टॉवेलमधलं टिकतं. अमेरिकेतल्या जुन्या सलूनमधली रीत अशी होती: आधी साबणाचा फेस लावून बोटांनी दाढीत मुरवायचा. मग टॉवेल गरम पाण्यात किंवा वाफेवर धरून घट्ट पिळायचा, लांबट घडी करायची, तिचा मध्य हनुवटीखाली धरायचा आणि दोन्ही टोकं गालांवरून वर नेऊन कपाळावर एकमेकांवर टाकायची. नाक उघडं ठेवायचं. टॉवेल आधी स्वतःच्या हातावर लावून बघायचा, कारण पिळणाऱ्याचा तळवा रोजच्या सवयीने निबर झालेला असतो आणि गिऱ्हाइकाचा गाल नसतो. दोन-तीन मिनिटांनी टॉवेल काढायचा, पुन्हा फेस, आणि मग वस्तरा.

या दोन-तीन मिनिटांत गिऱ्हाइकाची अवस्था काय असते ते पाहा. खुर्ची मागे कललेली, डोळे झाकलेले, तोंड झाकलेलं. बोलता येत नाही, दिसत नाही. आणि शेजारी एक माणूस वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावतोय, त्याचा आवाज तेवढा ऐकू येतोय. इतक्या निमूटपणे माणूस आपला गळा दुसऱ्या कुणापुढे उघडा टाकतो? टॉवेलचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा पाण्यापेक्षा या विश्वासाचाच इतिहास जास्त हाती लागला.

जुन्या रोममध्ये ही चैन नव्हती. रोममध्ये न्हावी आले ते सिसिलीहून, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, असं प्लिनी लिहितो. रोज दाढी करणारा पहिला रोमन म्हणून तो धाकट्या स्किपिओचं नाव देतो. तिथले न्हावी गालाला नुसतं पाणी लावत, साबण नाही. मार्शल या कवीने अँटिओकस नावाच्या एका न्हाव्याची जी टर उडवली आहे ती वाचली की त्या दाढीची कल्पना येते. आपल्या हनुवटीवरच्या खुणा बायकोच्या नखांच्या नसून या गृहस्थाच्या वस्तऱ्याच्या आहेत, असा त्याचा खुलासा! जखमेवर लावायला प्लिनीने उपायही सांगून ठेवला आहे, तेल आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कोळ्याचं जाळं. तुरटी बरी म्हणायची.

आता अमेरिका. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, दुसऱ्याच्या अंगाला हात लावून सेवा करणं हे गोऱ्या माणसाला हलकं वाटे. त्यामुळे बड्या लोकांची दाढी करण्याचा धंदा बराचसा काळ्या माणसांच्या हाती होता. काही गुलाम होते, काही मुक्त. ज्याला आपण माणूस म्हणून मोजायला तयार नाही, त्याच्या हातात वस्तरा देऊन, तोंडावर टॉवेल घेऊन, डोळे मिटून पडायचं! या विसंगतीचं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलेलं दिसत नाही.

मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावचा विल्यम जॉन्सन हा यातला सगळ्यात चटका लावणारा माणूस. जन्माने गुलाम, १८२० साली, अकरा वर्षांचा असताना मुक्त झाला. पुढे तीन सलून आणि एक स्नानगृह चालवू लागला. १८३५ पासून त्याने रोजनिशी लिहिली, गावातल्या मारामाऱ्या, शर्यती, उधाऱ्या, सगळं. (त्याने स्वतःही गुलाम बाळगले होते. हे वाचून अवघडायला होतं, पण आहे ते आहे.) १८५१ साली जमिनीच्या हद्दीच्या भांडणातून बेलर विन नावाच्या शेजाऱ्याने त्याला गोळी घातली. पाहणारे होते, पण ते काळे होते. विनने आपण गोरे असल्याचा दावा लावून धरला, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याला चालत नव्हती. विन सुटला. गावातल्या कितीतरी गोऱ्या गळ्यांवरून ज्या दुकानांतले वस्तरे सुखरूप फिरले होते, त्यांच्या मालकाच्या खुनाला साक्षीदार मिळाला नाही. रोजनिशी पुस्तकरूपाने आली ती १९५१ साली, बरोबर शंभर वर्षांनी.

गुलामगिरी गेली, पण खुर्चीतली ही व्यवस्था बरीच वर्षं तशीच राहिली. अलॉन्झो हर्नडन १८५८ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मला. बाप म्हणजे त्याचा मालकच. मुक्त झाल्यावर शेतात राबला, विशीत अकरा डॉलर गाठीला बांधून गावातून चालत निघाला आणि न्हाव्याचं काम शिकला. पुढे अटलांटाच्या पीचट्री स्ट्रीटवर त्याचं सलून झालं, नाव 'क्रिस्टल पॅलेस'. काचेची झुंबरं, संगमरवर, पंचवीस खुर्च्या. न्यायाधीश, वकील, पुढारी तिथे येत. सगळे गोरे. काळ्या गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत जागा नव्हती. मालक काळा, कारागीर काळे, आणि तरीही नाही. काळ्या गालाला लागलेला टॉवेल आपल्या गालाला लागणार ही नुसती शंका आली असती तरी गोरं गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

इथे मराठी वाचकाला काही आठवायला हवं. आपल्याकडे टॉवेल नव्हता, वाटी होती. न्हावी धोकटी घेऊन दारी यायचा, ओट्यावर उकिडवं बसवायचा आणि वाटीतलं पाणी बोटांनी गालाला लावून चोळत राहायचा. तेही बहुधा गारच. टॉवेलची ऊब जे काम करते ते इथे बोटांच्या घासण्याने व्हायचं. काम तेच, दाढी भिजवायची. पण ती बोटं गावातल्या प्रत्येक गालाला लागत नसत. बारा बलुतेदारांतला हा एक, साऱ्या गावाचा म्हणवला जाणारा. तरी महारवाड्यात, मांगवाड्यात त्याची वाटी जात नसे. गावचा न्हावी म्हशी भादरतो पण आमच्या डोक्याला हात लावत नाही, ही सल दलितांच्या आठवणींत वारंवार भेटते. अटलांटाचा काळा कारागीर काळ्याला खुर्ची देत नव्हता आणि इथला न्हावी, जो स्वतः वरच्यांच्या लेखी शूद्रच, आणखी खालच्याला शिवत नव्हता. हात त्यांचे, पण ते कुठे लागायचे हे ठरवणारे दुसरेच.

अमेरिका आणि आपण यांची अशी तुलना ओढूनताणून केलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. आणि हात कुठे लागायचा हे आपणच ठरवायचं, असा प्रयत्न इथल्या न्हाव्यांनीही केला. १८९० च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या शेकडो न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा चालवणाऱ्याने वस्तरा खाली ठेवला. रूढी काही त्या सभेने मोडली नाही, पण कारागिराने 'या कामाला माझा हात लागणार नाही' म्हणणं ही साधी गोष्ट नाही. पोटाचा प्रश्न असतो.

घटना समितीत १९४८ साली 'दुकान' या शब्दात काय काय येतं असा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ पुष्कळ रुंद केला: जो मागेल त्याला सेवा द्यायला मालक तयार असतो अशी कोणतीही जागा. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात 'दुकान' शब्दाच्या व्याख्येत लाँड्री आणि केस कापण्याचं सलून यांची नावं चक्क लिहून टाकली आहेत. हॉटेलं आणि विहिरी कायद्यात येणार हे अपेक्षित असतं. न्हाव्याची खुर्ची नावानिशी लिहावी लागली, यावरून तिथली अडवणूक किती मुरलेली असेल ते कळतं.

पुन्हा अटलांटा. हर्नडनने पैसा राखून १९०५ साली एक डबघाईला आलेली विमा संस्था १४० डॉलरना घेतली आणि तिची काळ्यांसाठी मोठी विमा कंपनी उभी केली. गोऱ्यांच्या दाढ्यांतून काळ्यांचा विमा! पण त्याच्या दुकानाला विश्वासाचं संरक्षण काही मिळालं नाही. २२ सप्टेंबर १९०६ ला शहरात काळ्यांविरुद्ध दंगल उसळली. हर्नडन त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी गेला होता. जमावाने त्याच्या काचा फोडल्या. समोरच्या सलूनमधले न्हावी मात्र दुकानातच होते. ते मारले गेले. ज्यांच्यापुढे शहर रोज गळा उघडा टाकायचं, तीच ही माणसं.

पुढची चाल कायद्याची होती. १९२६ साली शहराने ठराव केला, काळ्या न्हाव्यांनी स्त्रियांचे आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचे केस कापायचे नाहीत. तो पुढच्या वर्षी न्यायालयात टिकला नाही. हर्नडनही त्याच वर्षी गेला.

दरम्यान टॉवेललाच उतरती कळा लागली होती. जिलेटच्या सेफ्टी रेझरला १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या शिपायांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले. परत आलेले शिपाई घरीच, स्वतःच्या हाताने दाढी करू लागले. गळा आता कुणापुढे उघडायला नको. न्हाव्याचं पोट केस कापण्यावर आलं. घरच्या घाईत पहिल्यांदा उडाली ती भिजवण्याची दोन-तीन मिनिटं. फेसाच्या डब्यांनी नंतर तीच मिनिटं विकत द्यायचा प्रयत्न केला, आणि माझ्या मते तो अजून जमलेला नाही.

शेवटी एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. जॉर्ज मायर्स. क्लीव्हलँडच्या हॉलेंडेन हॉटेलात १८८८ पासून त्याचं सलून होतं. काळा मालक, गिऱ्हाइकं देशातली बडी. खुर्चीशेजारी टेलिफोन, म्हणजे टॉवेलखालून बाहेर आलं की धंदा सुरू. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक होते जेम्स फोर्ड ऱ्होड्स, अमेरिकेच्या इतिहासाचे अनेक खंड लिहिणारे नावाजलेले इतिहासकार. दुकान उभं करायला त्यांनी मायर्सला पैसेही उसने दिले होते. यादवी युद्धानंतरच्या काळात दक्षिणेत जे काळे लोकप्रतिनिधी निवडून आले, त्यांच्याबद्दल ऱ्होड्स यांनी फार वाईट लिहिलं. मायर्सने त्यांना पत्रांतून सांगितलं, की हे तुमचं चुकलं. जॉन लिंच यांना भेटा, ते त्या काळचे मिसिसिपीचे काँग्रेस सदस्य, अजून हयात आहेत, त्यांना विचारा. इतिहासकार भेटले नाहीत. मग लिंच यांनीच त्या खंडांचं खंडन लिहिलं, आणि ते लोकांपर्यंत जावं म्हणून मायर्सने खटपट केली. हे करताना त्याने ऱ्होड्स यांच्याशी स्नेह तोडला नाही. दोघांचा पत्रव्यवहार १९५६ साली पुस्तकरूपाने आला, त्याचं नावच 'न्हावी आणि इतिहासकार' अशा अर्थाचं आहे.

त्या काळावर आज जे लिहिलं जातं, त्यात ऱ्होड्स यांचं म्हणणं मागे पडलं आहे आणि लिंच यांचं बरंच मान्य झालं आहे.

१९३० च्या जानेवारीत मायर्सने निवृत्त व्हायचं ठरवलं. हॉटेलच्या व्यवस्थापनाने त्याला कळवलं, की तुम्ही गेल्यावर इथले काळे न्हावी काढून त्यांच्या जागी गोरे घेणार आहोत. ही गोष्ट आपल्या माणसांच्या कानावर घालायची वेळ त्याच्यावर आली. त्याच सुमारास हृदयविकाराने तो गेला.