बीड जुनं, मेंदू नवा

धरमतरच्या खाडीतले वाऱ्यावर चालणारे मचवे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. पुढे मचव्यांत डिझेलची इंजिनं बसली आणि शिडं उतरली. ज्याचं लाकूड धड होतं, तो जुना मचवाही नव्या इंजिनावर चालला. कारखान्यातल्या यंत्रांचंही असंच असतं, हे मला रोह्याकडच्या एका लहानशा वर्कशॉपात कळलं.

तिथलं जुनं सीएनसी मिलिंग मशीन बंद पडलं होतं. नवं घेण्याची मालकाची ऐपत नव्हती आणि हे भंगारात गेलं असतं तर तीन पोरांची रोजी गेली असती.

या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेतला. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा बाक अचूक यावा म्हणून जॉन पार्सन्सने त्यावरच्या बिंदूंचे आकडे यंत्राने काढून घेतले. कारागीर ते आकडे वाचून मशीनची चाकं फिरवत. मग वाचण्याचं कामही यंत्राकडेच का देऊ नये? १९५२ मध्ये एमआयटीने छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्याच्या मेंदूत निर्वात नळ्या होत्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली, पट्टी गेली. आपल्याकडे हरिहरला १९४१ मध्ये किर्लोस्करांनी आणि बेंगळुरूला १९५३ मध्ये एचएमटीने यंत्रं घडवणारी यंत्रं करायला घेतली. दर दहा-पंधरा वर्षांनी मेंदू बदलत गेला. बिडाचा सांगाडा मात्र नीट तेलपाणी मिळालं तर चाळीस वर्षंही टिकतो.

मिस्त्रींनी आधी वीजपुरवठा मोजला. मग खाऱ्या हवेने गंजलेले जोड साफ केले. तेव्हा खरं दुखणं सापडलं. आठवण जपणारी बॅटरी संपली होती. टेबल किती सरकायचं, मोटर किती वेगाने फिरायची, हे यंत्र विसरलं होतं. म्हणून ही बॅटरी यंत्र चालू असतानाच बदलायची असते. नशिबाने पॅनेलच्या दाराआड आकड्यांचा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. ते आकडे एकेक करून पुन्हा भरले आणि यंत्र हललं.

"आता नवा कंट्रोलर बसवू या का?" मालकाने विचारलं.

"थांबा शेठ," मिस्त्री म्हणाले. त्यांनी डायल गेज लावून टेबलाची मोकळी चाल मोजली. स्क्रू मधोमध जास्त झिजला होता, कारण रोजचं काम तिथेच होतं. सगळीकडे सारखी असलेली चूक कंट्रोलर सांभाळून घेतो, जागोजाग बदलणारी चूक त्याला सहज आवरत नाही. म्हणून आधी स्क्रू, मग मेंदू. आज त्यासाठी साधा संगणकही चालतो. अमेरिकेच्या मानक संस्थेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या कामातून लिनक्ससीएनसी ही मोफत प्रणाली निघाली आहे.

मला मात्र तो पिवळा कागदच आठवत राहतो. कुणा अनाम कारागिराने तो लिहून ठेवला नसता, तर धडधाकट बीड तोलावर विकलं गेलं असतं. तुमच्या कारखान्यात असं जुनं यंत्र असेल, तर ते चालू आहे तोवर त्याच्या पोटातले आकडे उतरवून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)