विरलेला गुडघा आणि राज्यसंस्था : दुसऱ्या महायुद्धकाळातील ब्रिटनमधील वस्त्रदुरुस्तीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

वस्त्रांच्या इतिहासलेखनात गिरण्या, व्यापार आणि वेशभूषेतील बदल यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वस्त्रांच्या दुरुस्तीला मिळालेले नाही. दुरुस्ती ही घरातील, त्यातही स्त्रियांनी करावयाची किरकोळ बाब मानली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र ब्रिटनमध्ये हीच बाब शासकीय धोरणाचा विषय बनली. विजारीच्या विरलेल्या गुडघ्याच्या निमित्ताने या धोरणाचे स्वरूप आणि त्यामागील श्रमांचे मूल्य तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुरुस्तीचे तंत्र व सामाजिक अर्थ :

विजार प्रामुख्याने बैठकीवर आणि गुडघ्यावर विरते. गुडघा वाकताना कापड ताणले जाते, तर गुडघे टेकून काम करताना ते बाहेरून घासले जाते. कापड केवळ विरले असेल तर रफू पुरतो. विरलेल्या जागेच्या पलीकडे, मजबूत कापडापर्यंत उभे धागे घालून त्यांतून आडवे धागे विणून घ्यावे लागतात. भोक पडले असेल तर ठिगळाशिवाय पर्याय नसतो. त्यासाठी पायाची आतली शिवण उसवून कापड सपाट करावे लागते, ठिगळाच्या धाग्यांची दिशा मूळ कापडाशी जुळवावी लागते आणि नंतर शिवण पुन्हा घालावी लागते. हे काम वेळखाऊ व कौशल्याचे आहे.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित शिक्षणसंहितेनुसार अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलींना साधे शिवणकाम शिकविणे आवश्यक ठरले. श्रमिक कुटुंबांतील मुलींना हे कौशल्य लहानपणीच अवगत होई. परंतु त्या कौशल्याला प्रतिष्ठा नव्हती, कारण ठिगळ ही दारिद्र्याची खूण समजली जाई.

नियंत्रित वाटप आणि दुरुस्तीची मोहीम :

१ जून १९४१ रोजी व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनी कपड्यांचे नियंत्रित वाटप जाहीर केले. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ६६ कूपने मिळाली. पुढे ही संख्या ४८ वर आली आणि युद्धाच्या अखेरीस आणखी घटली. पुरुषाच्या लोकरी सुटासाठी २६ कूपने लागत, त्यांपैकी एकट्या विजारीची ८ होती. साहजिकच गुडघ्यावर फाटलेली विजार टाकून देणे परवडणारे राहिले नाही.

कूपनांची संख्या सर्वांना सारखी असली तरी कपड्यांचा टिकाऊपणा सारखा नव्हता. तेवढ्याच कूपनांत श्रीमंतांना उत्तम प्रतीचे कापड घेता येई, तर गरिबांचे स्वस्त कापड लवकर विरे. दर्जा व किंमत निश्चित केलेल्या 'युटिलिटी' कपड्यांच्या योजनेने ही दरी काही अंशी कमी झाली, परंतु पूर्वीच घरात असलेल्या कपड्यांबाबत ती कायम राहिली.

१९४३ मध्ये व्यापार मंडळासाठी 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिला तत्कालीन अध्यक्ष ह्यू डाल्टन यांची प्रस्तावना होती. रफू, ठिगळ आणि जुन्या कपड्यांचा पुनर्वापर यांचे मार्गदर्शन तिच्यात होते. 'मिसेस सू-अँड-सू' या काल्पनिक गृहिणीच्या चित्रातून हाच संदेश प्रसृत झाला. लाजेची गोष्ट समजले जाणारे ठिगळ आता देशकर्तव्याचे चिन्ह ठरले.

धोरणातील विसंगती :

कापड वाचविण्यासाठी १९४२ मध्ये पुरुषांच्या विजारीच्या पायांशी बाहेरून दुमडलेली पट्टी ठेवण्यास मनाई करण्यात आली. हा नियम अत्यंत अप्रिय ठरला व १९४४ मध्ये मागे घेण्यात आला. दुरुस्तीच्या दृष्टीने त्यात आणखी एक विसंगती दिसते. गुडघ्याच्या ठिगळासाठी त्याच रंगाचे व विणीचे कापड या पट्टीतून सहज मिळू शकत असे. कारखान्यात वाचलेल्या कापडाचा हिशेब शासनाने केला. घरातील दुरुस्ती त्यामुळे किती अवघड होईल, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता.

याहून गंभीर विसंगती श्रमांच्या बाबतीत होती. डिसेंबर १९४१ च्या राष्ट्रीय सेवा कायद्याने २० ते ३० वयोगटातील अविवाहित स्त्रियांना युद्धसेवा सक्तीची झाली. अनेक विवाहित स्त्रियाही कारखान्यांत काम करू लागल्या. दिवसभर काम आणि रांगा, तर रात्री सुई अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर पडली. वाचलेले कापड राष्ट्राच्या खाती जमा झाले, पण ते वाचविण्यासाठी खर्ची पडलेल्या तासांची नोंद कोणत्याही खाती झाली नाही.

भारतीय संदर्भ :

याच काळात ब्रिटिश सत्तेखालील भारतातही कापडाची टंचाई होती. १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश लागू झाला. त्याचा रोख उत्पादन, साठा व भाव यांवर होता. तरीही १९४५ मध्ये बंगालमध्ये कापडाचे तीव्र दुर्भिक्ष जाणवले. गिरण्यांची आकडेवारी अभ्यासकांना उपलब्ध होते. मात्र घरोघरी जुन्याला ठिगळ लावून, अगदीच जीर्ण झालेल्याची वाकळ शिवून ज्या स्त्रियांनी ही टंचाई निभावली, त्यांचे श्रम त्या आकडेवारीत सापडत नाहीत.

समारोप :

ब्रिटनमधील कपड्यांचे नियंत्रण मार्च १९४९ मध्ये संपुष्टात आले आणि दुरुस्ती पुन्हा घरापुरती उरली. चांगले कपडे जपून ठेवले जातात व संग्रहालयात पोहोचतात. ठिगळाची विजार मात्र फाटेपर्यंत वापरली जाते आणि अखेरीस चिंधी होते. त्यामुळे या श्रमांचा पुरावाही त्या वस्त्रांबरोबरच नष्ट होतो. शासनाने दुरुस्तीला प्रतिष्ठा दिली, परंतु दुरुस्ती करणाऱ्या हातांना मोबदला दिला नाही. टंचाईच्या काळातील काटकसरीचे मूल्यमापन करताना ती काटकसर कोणाच्या श्रमांवर उभी राहिली, हा प्रश्न इतिहासकाराने प्रथम विचारणे आवश्यक ठरते.